कॉटन मार्केटची पायरी: एका दुपारची आणि पुढच्या आठ महिन्यांची नोंद

नवतप्याचा, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला, दुसरा दिवस होता. दुपारी पाऊण वाजता कॉटन मार्केटच्या पोहेवाल्या भाऊंचा फोन आला. "ताई, लवकर या जी. मावशी दगडं फेकून राहिली. लोकं दोर आनाले गेले."

मावशी म्हणजे बंद पडलेल्या एका गोदामाच्या पायरीवर राहणारी बाई. वय पंचेचाळीसच्या आसपास. मी नागपुरात बेघर माणसांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात आहे. आठवड्यातून तीन रात्री आम्ही स्टेशन, गणेशपेठ, सीताबर्डी असा फेरा मारतो. ही केस लिहायला मावशींनी होकार दिलेला आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव कुठेच घातलेलं नाही.

त्या दुपारचं सांगण्याआधी मागच्या दोन वर्षांचं सांगायला हवं, कारण चूक तिथे झाली. नागपूर स्टेशनवर मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई असे दोन्ही मोठे मार्ग येऊन मिळतात. घरातून निघून दिसेल त्या गाडीत बसलेला माणूस देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून इथे उतरू शकतो. मावशी तशाच उतरल्या असाव्यात. अंगात भर उन्हाळ्यातही तीन स्वेटर, उजव्या पायाला बांधलेली प्लास्टिकची पिशवी, जवळ एक पोतं. पहाटे भाजीचे ट्रक खाली होताना सांडलेली मेथी, टमाटे उचलायच्या. भीक कधी मागितली नाही. स्वतःशी बोलायच्या, कधी हवेत हात उगारायच्या. आमच्या वहीत दोन वर्षांत अकरा भेटी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक भेटीपुढे तेच लिहिलंय: "बोलत नाही. जेवण नाकारलं. धोका नाही."

"धोका नाही" हे दोन शब्द मी स्वतः लिहिले आहेत. कुणाला त्रास देत नाही, म्हणून काही करायची घाई नाही, असा त्याचा अर्थ आम्ही करून घेतला. पायाच्या पिशवीत काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

तिच्या सगळ्यात जवळ पोचलेला माणूस आमच्या गटातला नव्हता. ते पोहेवाले भाऊ होते. मावशींना वाटायचं की चहात कुणीतरी विष घालतं. भाऊंनी हे दोन-चार दिवसांत ओळखलं होतं. ते तिच्यासमोर एकाच किटलीतून दोन ग्लास भरायचे, एक स्वतः प्यायचे, दुसरा पायरीच्या कडेला ठेवून वळून जायचे, मागे बघायचे नाहीत. पाच-सात मिनिटांनी ग्लास रिकामा झालेला असायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. भ्रम असलेल्या माणसाशी वाद घालू नये, त्याच्या भीतीला वेडगळ म्हणू नये, ती भीती असतानाही त्याला घेता येईल अशा रीतीने मदत पुढे करावी, हे प्रशिक्षणात दोन दिवस शिकवतात.

आम्ही पोचलो तेव्हा शंभरेक माणसं गोल करून उभी होती. मोबाईल वर धरलेले. मावशींनी स्वेटर काढून फेकले होते, अंगावर फाटका परकर तेवढा. हातात डांबराचा तुकडा. एका दुचाकीवाल्याच्या हेल्मेटला दगड लागला होता आणि तो खवळला होता. नायलॉनचा दोर घेऊन दोन हमाल उभे होते. वाईट माणसं नव्हती ती. काय करावं ते कळलं नाही की माणूस बांधून ठेवतो, इतकंच. पण २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही आणि २८ जण गेले. ते वाचल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर दोर आला की मला दुसरं काही दिसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे मनोरुग्णाला कुठल्याही रीतीने साखळीने बांधायला बंदी आहे.

आधी गर्दी हटवली. ते काम माझ्या सहकाऱ्याने केलं, तेही हात जोडून: "तुमच्या घरची बाई असती तर शूटिंग केली असती का जी?" भाऊंनी दुकानाची ताडपत्री सोडून पायरीपर्यंत ओढली, थोडी सावली झाली, आडोसाही झाला. मी सहा-सात हात अंतरावर जमिनीवर बसले. उभ्या माणसाची भीती वाटते, बसलेल्याची कमी वाटते. चादर तिच्यावर टाकली नाही, मधे ठेवली. काय करतेय ते आधी सांगायचे आणि मगच हात हलवायचे. दहा मिनिटांनी तिने चादर ओढून घेतली.

ती सारखं एकच बोलत होती. "नीलू, नीलू." आम्हाला वाटलं, मुलगी असावी. सहकाऱ्याने वहीत लिहिलंही: "नीलू नावाच्या मुलीला हाका मारते." मी तिला विचारत राहिले, "नीलू कुठे आहे? नीलूला बोलवू का?" ती माझ्याकडे बघून आणखी जोरात ओरडायची.

भाऊ म्हणाले, "कालपासून पानी बी नाही पेली. परवापर्यंत ठीक होती. एका दिवसात असं काऊन झालं?"

हा प्रश्न त्या दुपारचा सगळ्यात मोलाचा प्रश्न होता. वर्षानुवर्षं आवाज ऐकू येणारा माणूससुद्धा एरवी आपण कुठे आहोत, सकाळ की संध्याकाळ, हे बहुतेक जाणतो. मावशींना भाऊ रोज दिसायचे, त्या दिवशी त्यांनी भाऊंनाही ओळखलं नाही. मधेच डोळे मिटून झोपल्यासारख्या व्हायच्या, पुन्हा दचकून उठायच्या. कातडी तापलेली आणि कोरडी. एक-दोन दिवसांत अचानक असं झालं, शुद्ध कमी-जास्त होत राहिली, तर कारण शरीरात शोधायचं असतं. ऊन लागणं, जंतुसंसर्ग, साखर उतरणं, रोज पिणाऱ्याची दारू एकदम सुटणं. जुनी माणसं याला वातात बरळणं म्हणायची आणि ते बरोबरच होतं. डॉक्टर डिलिरियम म्हणतात. रस्त्यावरच्या माणसाच्या बाबतीत हेच सगळ्यात जास्त निसटतं, कारण आधीच "वेडी" म्हणून ठरलेलं असतं.

कुणी म्हणालं, थेट पागलखाना चौकात, म्हणजे मनोरुग्णालयात न्या. एका आजीने सांगितलं, आधी ताजबागला नेऊन पाहा. मी त्यांना हसले नाही. ताजबाग म्हणजे ताजुद्दीन बाबांचा दर्गा. बाबांना १८९२ साली नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात घातलं होतं आणि त्यांनी तिथे सोळा वर्षं काढली. ज्याला वेडा म्हणून कोंडलं, त्याच्या दर्ग्यावर हे शहर आजही डोकं टेकवतं. त्या आजींच्या मनात मावशींबद्दल घृणा नव्हती आणि मला त्या क्षणी तेवढं पुरे होतं. मी म्हटलं, "आजी, ताजबागला जाऊच, पण ताप उतरला की."

११२ ला फोन केला तसे दोन पोलीस आले, एक बाई होत्या. दुसरे मोठ्याने "कोर्टाचा ऑर्डर लागेल" म्हणाले. हा समज जुन्या, १९८७ च्या कायद्यातून राहून गेलेला आहे. तेव्हा भटकणाऱ्या मनोरुग्णाला आधी दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागे. २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १०० ने ही वाट बदलली. स्वतःची काळजी घेऊ न शकणारी, मानसिक आजार असावा असं वाटणारी व्यक्ती हद्दीत फिरताना दिसली तर तिला संरक्षणात घेणं ठाणेदाराचं कर्तव्य आहे. तिला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. लवकरात लवकर, आणि कुठल्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं असतं. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीचा एफआयआर नोंदवून घरच्यांचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा असतो. माझ्या पिशवीत या कलमाची मराठी प्रत कायम असते. महिला पोलिसांनी ती दोनदा वाचली, फोटो काढून साहेबांना पाठवला आणि म्हणाल्या, "चला ताई, मी येते सोबत." त्या रात्री अकरापर्यंत सोबत राहिल्या.

१०८ ची गाडी आली तेव्हा मावशी आत बसेनात. भाऊंनी दुकान शेजाऱ्याच्या हवाली केलं, किटली घेतली आणि आधी स्वतः गाडीत चढले. दोन ग्लास भरले. एक प्याले. मावशी त्यांच्या मागून चढल्या.

रुग्णालयाचं नाव मी देणार नाही. तिथे स्ट्रेचर व्हरांड्यात पावणेदोन तास उभा होता. केस पेपरवर नाव काय घालायचं, सही कोण करणार, नातेवाईक कुठे आहेत, या प्रश्नांत वेळ गेला. "मानसिक पेशंट आहे, मानसिकला न्या." मानसिक रुग्णालयात नेलं असतं तर अंगात ताप असलेल्या रुग्णाला आधी शारीरिक उपचार हवेत म्हणून परत पाठवलं असतं, आणि ते चुकीचंही नसतं. या दोन दारांच्या मधे रस्त्यावरची माणसं मरतात. मी हे रागाने लिहितेय आणि राग लपवायचं मला कारण दिसत नाही.

अखेर "अनोळखी महिला" म्हणून केस पेपर निघाला. निराधार आणि बेघर व्यक्तीला सरकारी संस्थेत मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क कलम १८ मध्ये आहे आणि जीव धोक्यात असेल तर कलम ९४ खाली कुणीही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, ही दोन वाक्यं मी अर्जात लिहून दिली. पण खरं काम केलं ते एका तरुण निवासी डॉक्टरने. बाकीचे शांत करायचं इंजेक्शन भरा म्हणत होते. त्याने आधी थर्मामीटर लावला. १०४. मग साखर बघितली, सलाईन लावलं, अंगावर ओल्या चादरी टाकून पंखा लावायला सांगितलं आणि पायाची पिशवी कापली. आत जखम होती. जखमेत अळ्या होत्या. वास आला तशी आजूबाजूची माणसं बाजूला झाली. भाऊ तिथेच उभे राहिले.

दोन वर्षांत अकरा भेटी, आणि ती पिशवी.

रात्रपाळीला ज्या सिस्टर आल्या त्या सिरोंच्याच्या. गडचिरोलीच्या त्या टोकाला गोदावरीपलीकडे तेलंगणा, आणि अलीकडेही घराघरात तेलुगू. सिस्टर सलाईन बदलत होत्या तेव्हा मावशी पुटपुटल्या, "नीलू." सिस्टर थांबल्या. "नीलू नाही हो ताई. नीळ्ळु. पाणी मागतायत त्या."

मला अजूनही तो क्षण नीट लिहिता येत नाही. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ती बाई पाणी मागत होती आणि मी तिला विचारत होते, नीलू कुठे आहे. जे पाणी समोर होतं ते घ्यायची भीती वाटत होती, ते खरं. पण मागत होती. दोन वर्षं जिला आम्ही "बरळते" म्हणत होतो त्यातलं किती तेलुगू होतं, कुणास ठाऊक. त्या दिवसापासून आमच्या वहीत एक रकाना वाढला: कुठल्या भाषेत बोलते. समजत नसेल तर मोबाईलवर आवाज टिपायचा आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या आसपास भाषा जाणणारा माणूस शोधायचा. स्टेशनलगत ते अवघड जात नाही.

दोन दिवसांत ताप उतरला आणि मावशींना जागा-वेळ कळू लागली. पण विषाची भीती आणि आवाज राहिले. म्हणजे वातावर इलाज झाला होता, खाली जुना आजार होताच. जखम भरत आल्यावर नवव्या दिवशी त्यांना प्रादेशिक मनोरुग्णालयात हलवलं. १८६४ पासूनचं हे रुग्णालय, ९४० खाटांचं. राज्यात अशी चार आहेत: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि हे. आधी कलम ८९ खाली, म्हणजे स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्या रुग्णाला प्रतिनिधीच्या अर्जावर जास्तीत जास्त ३० दिवस भरती करतात तसं. नातेवाईक नसला तर नोंदणीकृत संस्थेचा माणूस तात्पुरता प्रतिनिधी होऊ शकतो, त्यामुळे सही मी केली. रुग्ण स्त्री असेल तर अशा भरतीची माहिती तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यावी लागते. हे कागद कटकटीचे वाटतात, पण ज्या बाईला विचारणारं कुणी नाही तिच्या बाबतीत कुणीतरी बाहेरचा माणूस विचारणार आहे याची ती एकच खूण असते.

भाऊ दर गुरुवारी दुपारी भेटायला जायचे. वॉर्डात किटली नेऊ देत नव्हते, मग थर्मास. दोन कप. तिसऱ्या गुरुवारी मावशींनी आधी घोट घेतला, भाऊंची वाट न बघता. ते मला फोनवर हे सांगताना दोनदा थांबले.

तीस दिवस संपत आले तेव्हा डॉक्टरांनी सिस्टरच्या मदतीने मावशींना विचारलं, अजून राहायचं का. त्या हो म्हणाल्या. आता त्यांची स्वतःच्या इच्छेने, कलम ८६ खाली, भरती होणार होती. मी शाईचा पॅड पुढे केला. मावशींनी तो सरकवला, पेन मागितलं आणि वळणदार तेलुगू अक्षरात सही केली. आम्ही सगळ्यांनी त्यांना निरक्षर धरलं होतं.

नाव कळल्यावर आणि विड्या वळायच्या त्या गावाचं अर्धवट वर्णन मिळाल्यावर पोलिसांनी पाच आठवड्यांत भाऊ शोधला. सख्खा भाऊ. तो सकिनालूचा, म्हणजे चकलीसारख्या तेलुगू फराळाचा, डबा घेऊन आला, बहिणीला बघून रडला. सहा वर्षांपूर्वी ती घरातून गेली होती. नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं. भावाच्या दोन खोल्यांत सहा माणसं. "सणाला येऊन नेतो," म्हणाला. मावशी सिस्टरना म्हणाल्या, मला नाही जायचं. तिथे सगळे मला त्याच नजरेने बघतील.

कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनचं काम मी जवळून वाचलंय. डॉ. भरत वाटवानींना त्यासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरून उचलून, बरं करून घरी पोचवलेली हजारो माणसं हे फार मोठं काम आहे. त्यामुळेच मनात एक हिशेब बसतो की घरी गेली म्हणजे केस पूर्ण झाली. मावशींच्या बाबतीत मला तो हिशेब सोडावा लागला. मी एक आठवडा त्यांना समजावत राहिले, हेही इथे लिहून ठेवते. समाजात राहण्याचा हक्क कलम १९ देतं, पण कुठल्या घरी हे ठरवायचा हक्क त्यांचाच होता.

मग कुठे? बऱ्या झालेल्या माणसाला भिक्षेकरी गृहात किंवा वृद्धाश्रमात टाकू नका, असं जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला बजावलं होतं. उरला महापालिकेचा बेघर निवारा. शहरात दर लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा हवा असा निकष आहे. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाख होती. तेवढे निवारे शहरात नाहीत. शिवाय निवाऱ्याचा काळजीवाहक रात्री दार उघडतो, चादर देतो, पण औषधाची जबाबदारी कुणावर, हे त्याच्या नेमणुकीत कुठे लिहिलेलं नसतं.

पावसाळ्यातच मावशी निवाऱ्यात आल्या. गोळ्यांऐवजी डॉक्टरांनी दर चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं, कारण रोजची गोळी कुणाच्या हातून घ्यायची हा प्रश्न विषाच्या भीतीपाशी नेऊन सोडत होता. काळजीवाहक ताईंनी कालनिर्णयवर तारखेला लाल गोल केला. इंजेक्शनच्या दिवशी भाऊंपैकी किंवा माझ्यापैकी एकाने सोबत जायचं असं ठरलं. या केसमधून मी एकच गोष्ट इतरांना आग्रहाने सांगते. पायरी, गाडी, कॅज्युअल्टी, वॉर्ड, निवारा, या प्रत्येक दारात नवीन माणूस समोर येतो आणि तिथे रुग्ण पुन्हा पहिल्यापासून घाबरतो. प्रत्येक दारात ओळखीचा एक चेहरा सोबत असला तर निम्मं काम होतं. तो चेहरा आमच्यासारख्या कार्यकर्त्याचाच असावा असं नाही. आमच्या वहीत आता प्रत्येक माणसापुढे लिहिलेलं असतं: याचा चहावाला कोण.

अशा लोकांना आम्ही १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांकही लिहून देतो. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पायरीवरच्या माणसाकडे फोन नसतो. पण समोर उभं राहून काय करावं न सुचणाऱ्याकडे असतो.

ऑक्टोबरमध्ये मावशी निवाऱ्यातून निघून गेल्या. रात्री शेजारच्या गादीवरच्या बाईशी भांडण झालं होतं. दोन रात्री पत्ता नव्हता. माझ्या पोटात गोळा आला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला भाऊंचा फोन. "ताई, पायरीवर बसून आहे. बरी आहे. तुम्ही घाई नका करू जी, मी चहा देऊन राहिलो." मी घाई केली नाही. नऊ वाजता गेले. त्या कोथिंबिरीच्या जुड्या निवडत बसल्या होत्या. इंजेक्शनला अकरा दिवस बाकी होते, म्हणजे औषध अंगात होतं. आमच्यातल्या एकाला हे सगळं पाण्यात गेल्यासारखं वाटलं. मला तसं वाटलं नाही. आजारी होऊन ती पायरीवर आली तेव्हा कुणालाच ओळखत नव्हती, या वेळी रागावून ओळखीच्या माणसाकडे आली होती.

तेव्हापासून सोय अशी आहे. सकाळी एक आडत्या जुड्या बांधायला बसवतो, रोजचे पैसे रोज हातात. दुपारी ऊन असेल तर भाऊंच्या ताडपत्रीखाली. रात्री निवारा, गादी बदलून दिली आहे. भावाचा दर रविवारी काळजीवाहक ताईंच्या फोनवर फोन येतो. सणाला आला नाही.

जानेवारीअखेर फाइलमध्ये तीन कामं उघडी आहेत. आधार कार्ड अजून निघालेलं नाही, जन्मतारखेचा पुरावा अडतोय. पायाच्या जखमेची कातडी पातळ आहे, चप्पल लागते. आणि हात थरथरू नयेत म्हणून जी गोळी इंजेक्शनसोबत चालू आहे, ती घाम कमी करते. नागपूरच्या उन्हात पायरीवर बसणाऱ्या बाईला ती चालवायची की नाही, हे डॉक्टरांना मार्च लागायच्या आधी विचारायचं आहे. पुढच्या तारखेला भाऊ सोबत जाणार आहेत, त्यांच्याकडे चिठ्ठी दिली आहे.